विंडोज नव्याने टाकल्यानंतर जुन्या फायली आणि प्रोग्राम परत कसे मिळवावेत

यवतमाळ जिल्ह्यातील एका तालुक्याच्या गावी माझे संगणक दुरुस्तीचे दुकान आहे. दुकानात येणारे बरेचसे सीपीयू बिघडलेले नसतातच. कोणीतरी नुकतेच त्यांत नवे विंडोज टाकून दिलेले असते, यंत्र पूर्वीपेक्षा चपळ चालत असते आणि मालक मात्र ‘भाऊ, सारंच गेलं ना जी आमचं’ म्हणत समोर उभा असतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १० चा आधार (मायक्रोसॉफ्टचे नेहमीचे अपडेट) संपल्यापासून असे ग्राहक वाढले आहेत. त्यांच्यापैकी बहुतेकांचे त्या क्षणी काहीच गेलेले नसते. जे जाते ते पुढच्या दोन दिवसांत, ‘हेही करून पाहू’ या घाईत जाते. म्हणून खालील टप्पे दिलेल्या क्रमानेच करावेत. मधला एखादा टप्पा तुम्हाला लागू नसेल तर तो सोडून द्यावा, पण पुढचा टप्पा आधी उरकू नये.

## कामाला बसण्यापूर्वी

सर्वांत आधी त्या संगणकाचा रोजचा वापर थांबवावा. त्यावर व्हिडिओ उतरवू नयेत, नवे प्रोग्राम टाकू नयेत आणि ‘जागा मोकळी करून देतो’ म्हणणारे कोणतेही साधन चालवू नये. जुना मजकूर ज्या डिस्कवर आहे त्याच डिस्कवर नवे काही लिहिले गेले, तर पुसल्या गेलेल्या फायली परत मिळण्याची शक्यता प्रत्येक तासाला घटत जाते.

नक्कल ठेवण्यासाठी बाहेरून जोडायची हार्ड डिस्क लागेल. पेनड्राइव्हवर भागवायचे असेल तर तो कोणत्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे ते पाहावे. फॅट ३२ पद्धतीच्या पेनड्राइव्हवर ४ जीबीपेक्षा मोठी एकही फाइल बसत नाही, मग त्यात ६० जीबी जागा रिकामी असली तरीही. लग्नाचे चित्रीकरण आणि आउटलुकच्या जुन्या टपालाची फाइल या दोन गोष्टी हमखास इथेच अडतात. पेनड्राइव्ह रिकामा असेल तर तो आधी एक्सफॅट किंवा एनटीएफएस करून घ्यावा.

विजेचा विचार तिसरा. आमच्याकडे नक्कल निम्म्यावर आली की लाइन जाते, हे गृहीत धरूनच बसावे. लॅपटॉप पूर्ण चार्ज असावा. डेस्कटॉपला यूपीएस असेल तर बाहेरची डिस्क जोडण्यापूर्वी, काहीही उघडे नसताना, भिंतीवरील बटण बंद करून यूपीएस खरोखर किती मिनिटे तग धरतो ते एकदा पाहून घ्यावे. अनेक यूपीएस फक्त शिटी वाजवण्यापुरते उरलेले असतात. जुन्या यूएसबी २.० पोर्टवरून १०० जीबी मजकूर नकलायला साधारण तासभर लागतो, त्यामुळे निळ्या रंगाचे यूएसबी ३.० पोर्ट असल्यास तेच वापरावे. मे महिन्यात टिनपत्र्याच्या खोलीत दुपारी दोन वाजता हे काम काढू नये. ४५ अंशांत डिस्कची पेटी हाताला चटका देते आणि नक्कल मध्येच थांबते. सकाळी सहाला बसावे.

शेवटी वही आणि पेन घ्यावा. पुढील गोष्टी कागदावर लिहून काढाव्यात:

- जुन्या विंडोजमध्ये वापरकर्त्याचे नाव काय होते आणि पासवर्ड होता का.
- नेमके काय हवे आहे: डेस्कटॉपवरील फोल्डर, हिशेब, छायाचित्रे, दाखले, ब्राउझरमधील पासवर्ड.
- कोणते प्रोग्राम चालत होते आणि कोणती यंत्रे जोडलेली होती.
- मायक्रोसॉफ्टचे खाते कोणत्या ईमेलवर उघडले होते.

शेवटच्या मुद्द्याकडे दुर्लक्ष करू नये. खेड्यात नवा लॅपटॉप घेताना पुष्कळदा दुकानदारच स्वतःच्या ईमेलवरून खाते उघडून देतो आणि मालकाला त्याचा पत्ताही नसतो. ऑफिसचा परवाना आणि बिटलॉकरची, म्हणजे ड्राइव्हला लागणाऱ्या विंडोजच्या कुलपाची (ते पुढे येते), किल्ली त्या खात्यात असते. तेव्हा आधी विक्रेत्याला फोन करून ईमेल कोणता ते विचारावे.

## टप्पा १ : जुना साठा नेमका कुठे आहे ते पाहावे

या टप्प्यात फक्त पाहायचे आहे, हात कशालाही लावायचा नाही.

फाइल एक्सप्लोरर उघडून सी ड्राइव्हवर जावे. तेथे ‘विंडोज.ओल्ड’ नावाचे फोल्डर दिसले, तर विंडोज टाकणाऱ्याने सी ड्राइव्ह फॉरमॅट न करता त्यावरच नवे विंडोज टाकले आहे. तुमचा जुना डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स आणि डाउनलोड्स या फोल्डरातील ‘यूजर्स’मध्ये, जुन्या नावाच्या फोल्डरात आहेत. हे फोल्डर कायम राहत नाही. साधारण १० दिवसांनंतर विंडोज ते आपोआप काढून टाकते, आणि डिस्क क्लीनअप चालवून ‘मागील विंडोज’समोर खूण केली तर त्याच क्षणी. म्हणून नक्कल आजच करावी. पीक विम्याच्या गर्दीचा आठवडा उलटला की बघू म्हणणाऱ्यांचे दहा दिवस तिथेच संपतात.

त्यानंतर डी आणि ई ड्राइव्ह पाहावेत. फायली तिथे ठेवण्याची सवय असेल तर त्या बहुधा जागच्या जागी असतात. ड्राइव्हची अक्षरे मात्र बदललेली असू शकतात, म्हणजे पूर्वीचा डी आता ई झालेला असतो आणि जुने शॉर्टकट चुकीच्या जागी बोट दाखवतात. स्टार्ट बटणावर उजवी क्लिक करून ‘डिस्क मॅनेजमेंट’ उघडल्यास सगळे ड्राइव्ह एकाखाली एक दिसतात आणि तिथूनच अक्षर बदलता येते. एखादा ड्राइव्ह एक्सप्लोररमध्ये अजिबात नसेल, पण इथे निळ्या पट्टीसह दिसत असेल, तर त्याला अक्षर मिळालेले नाही एवढाच त्याचा अर्थ.

इशारा : ‘ही डिस्क वापरण्यापूर्वी फॉरमॅट करा’ किंवा ‘इनिशियलाइज करा’ अशी चौकट आली तर ‘कॅन्सल’ दाबावे. ती चौकट सल्ला देत नसते. डिस्क वाचता आली नाही एवढेच ती सांगत असते.

विंडोज.ओल्ड नाही आणि सी ड्राइव्हवर सगळे नवेकोरे दिसते, तेव्हा टाकणाऱ्याने ड्राइव्ह फॉरमॅट केलेला आहे किंवा दहा दिवस उलटून ते फोल्डर गेलेले आहे. अशा वेळी संगणक बंद करावा. आत फिरती हार्ड डिस्क असेल तर ती काढून दुसऱ्या संगणकाला जोडावी आणि फोटोरेक किंवा रिकुव्हासारखे साधन त्या दुसऱ्या संगणकावरून चालवावे. मिळालेल्या फायली तिसऱ्याच जागी उतरवाव्यात. फोटोरेक फायलींची जुनी नावे परत देत नाही, हे आधी सांगून ठेवतो. आत एसएसडी (फिरते भाग नसलेली, चिपची डिस्क) असेल तर आशा फार कमी. फॉरमॅट होताच एसएसडीला ‘या जागा आता रिकाम्या समज’ अशी आज्ञा जाते आणि ती त्या जागा खरोखर मोकळ्या करते. एसएसडीवरून सगळे परत आणून देण्याची हमी देणाऱ्याला आगाऊ पैसे देऊ नयेत.

तपासणी : जुन्या नावाचे फोल्डर सापडले का? त्यावर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’मधील आकार आणि फायलींची संख्या वहीत लिहावी. फोल्डर उघडत नसेल तर आकार शून्य दिसेल. त्याने घाबरू नये, तो पुढच्या टप्प्याचा विषय आहे; फोल्डर उघडल्यावर हे आकडे लिहावेत.

## टप्पा २ : ‘परवानगी नाही’ हा अडसर दूर करावा

सर्वाधिक गोंधळ इथे होतो, म्हणून कारण थोडे समजून घ्यावे. विंडोज वापरकर्त्याला नावाने ओळखत नाही. प्रत्येक खात्याला ते एक लांबलचक क्रमांक देते आणि फोल्डरवर मालक म्हणून तो क्रमांक लिहून ठेवते. नव्या विंडोजमध्ये तुम्ही तेच नाव आणि तोच पासवर्ड दिला, तरी क्रमांक नवा मिळतो. सातबाऱ्यावर फेरफार झालेला नसताना नुसत्या नावाच्या साधर्म्याने शेताचा ताबा मिळत नाही, तसाच हा प्रकार आहे. ‘मी तर तेच नाव टाकलं होतं’ ही तक्रार रास्त असली तरी तिचा इथे उपयोग नाही.

साधा उपाय आधी करावा. तुम्ही अ‍ॅडमिनिस्ट्रेटर खात्यातून आत आलेले असावे. विंडोज.ओल्डमधील जुन्या नावाच्या फोल्डरवर दोनदा क्लिक केल्यावर परवानगी नसल्याची चौकट येते, तिच्यातील ‘कंटिन्यू’ दाबावे. हिरवी पट्टी सरकत राहील. हजारो फायली असल्यास यात पाच-दहा मिनिटे जातात, तेवढा वेळ ती चौकट बंद करू नये. बहुतेकांचे काम इथेच होते.

तेवढ्याने झाले नाही तर फोल्डराची मालकी घ्यावी:

1. जुन्या वापरकर्त्याच्या फोल्डरवर उजवी क्लिक करून ‘प्रॉपर्टीज’, ‘सिक्युरिटी’, ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ या क्रमाने जावे.
2. वर ‘ओनर’समोरील ‘चेंज’ दाबावे. नाव टंकण्यात चुका होतात, म्हणून पुन्हा ‘अ‍ॅडव्हान्स्ड’ आणि ‘फाइंड नाऊ’ दाबून यादीतून स्वतःचे आजचे खाते निवडावे.
3. ओनरच्या खाली, आतील सर्व फोल्डर व फायलींचा मालकही बदलण्याविषयीचा चौकोन येतो, त्यावर खूण करावी. ही खूण राहिली तर बाहेरचे दार उघडते आणि आतली सगळी कपाटे बंदच राहतात.
4. ‘अप्लाय’ आणि ‘ओके’ करून सगळ्या चौकटी बंद कराव्यात आणि पुन्हा त्याच ठिकाणी यावे.
5. आता ‘अ‍ॅड’ दाबून, ‘सिलेक्ट अ प्रिन्सिपल’मध्ये तेच खाते निवडून ‘फुल कंट्रोल’ द्यावा आणि खालचा, आतील सर्व परवानग्या बदलण्याचा चौकोन खूण करून ‘ओके’ करावे.

मालकी आणि परवानगी या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मालकी घेऊनही फाइल उघडत नाही म्हणणाऱ्यांनी पाचवी पायरी केलेली नसते.

इशारा : ही क्रिया केवळ त्या एका फोल्डरवर करावी. ‘एकदाच सगळा निकाल लावू’ म्हणून संपूर्ण सी ड्राइव्हची मालकी घेतली, तर विंडोजच्या स्वतःच्या फायलींवरील बंदोबस्त मोडतो, अपडेट अडतात, स्टार्ट मेनू उघडेनासा होतो आणि पुन्हा विंडोज टाकण्याची पाळी येते. या एका चुकीने परत आलेले संगणक मी मोजणे सोडून दिले आहे.

परवानगीचा प्रश्न आणि कुलपाचा प्रश्न यांत गल्लत करू नये. ड्राइव्हच्या चित्रावर कुलूप दिसत असेल आणि तो उघडताना किल्ली मागितली जात असेल, तर ते बिटलॉकर आहे आणि त्याला ४८ अंकी रिकव्हरी की लागते. ती मायक्रोसॉफ्ट खात्यात, त्या उपकरणाच्या नोंदीखाली असते; चौकटीत दाखवलेल्या ओळख-क्रमांकाची सुरुवातीची अक्षरे जुळतात का ते पाहून योग्य की घालावी. अलीकडच्या लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने आत गेल्यावर हे कुलूप मालकाला न विचारताही लागलेले असते. दुकानदाराचा ईमेल आधीच शोधायला सांगितला तो याचसाठी. की नसेल तर मालकी बदलून काहीही होत नाही.

एखाद्याच फाइलवर लहान कुलूप दिसत असेल, तर ती जुन्या खात्याच्या प्रमाणपत्राने एन्क्रिप्ट केलेली आहे. तिची किल्ली जुन्या वापरकर्त्याच्या फोल्डरातच, जुन्या पासवर्डच्या आड असते. अशी एक जरी फाइल आढळली तरी विंडोज.ओल्डला हात लावू नये आणि जाणकाराकडे जावे.

## टप्पा ३ : नक्कल करावी, हलवू नये

फोल्डर उघडताच लोक सगळे निवडून ‘कट’ करतात आणि नव्या डेस्कटॉपवर ‘पेस्ट’ करतात. असे करू नये. त्याच ड्राइव्हवर हलवलेली फाइल बहुधा जुन्या परवानग्या सोबत घेऊन जाते आणि अडचण नव्या जागी तशीच राहते. नक्कल केलेली फाइल मात्र नव्या जागेच्या परवानग्या घेते. शिवाय हलवताना लाइन गेली, तर अर्धे इकडे आणि अर्धे तिकडे असा खेळ होतो.

म्हणून सगळे आधी बाहेरच्या डिस्कवर ‘कॉपी’ करावे. डेस्कटॉप, डॉक्युमेंट्स, डाउनलोड्स, पिक्चर्स, व्हिडिओज ही फोल्डरे घ्यावीतच. त्यानंतर ‘व्ह्यू’मधून लपलेल्या गोष्टी दाखवण्याची सोय चालू करून ‘अ‍ॅपडेटा’ हे फोल्डरही घ्यावे. ब्राउझरच्या खुणा (बुकमार्क्स), काही प्रोग्रामांची मांडणी आणि एकट्या वापरकर्त्यापुरते टाकलेले फॉन्ट याच फोल्डरात असतात. ‘यूजर्स’मधील ‘पब्लिक’ही विसरू नये, टॅलीप्राइम या हिशेबाच्या प्रोग्रामातील मजकूर पुष्कळदा तिथे असतो.

डेस्कटॉप रिकामा निघाला तर ‘वनड्राइव्ह’ (मायक्रोसॉफ्टचा इंटरनेटवरील साठा) नावाचे फोल्डर उघडून त्यातील डेस्कटॉप पाहावा. विंडोजने बॅकअपच्या नावाखाली तो तिकडे नेलेला असतो. ज्या फायलींवर ढगाची खूण आहे त्या डिस्कवर नसतातच, नुसते नाव असते. त्या वनड्राइव्हमध्ये त्याच खात्याने प्रवेश करून उतरवाव्या लागतात.

नक्कल चालू असताना ‘नाव खूप लांब आहे’ असा अडथळा येतो. फोल्डरात फोल्डर आणि त्यांची अर्धी ओळ भरतील एवढी नावे, यांमुळे पत्त्याची २६० अक्षरांची मर्यादा ओलांडली जाते. तेवढी फाइल ‘स्किप’ करून नाव वहीत लिहावे. नंतर बाहेरच्या फोल्डराचे नाव छोटे करून ती एकटी नकलावी.

तपासणी : नकलेच्या फोल्डरातील फायलींची संख्या वहीतील आकड्याशी ताडून पाहावी. वेगवेगळ्या प्रकारच्या निदान दहा फायली नकलेतून उघडून पाहाव्यात. नाव दिसते म्हणजे फाइल धड आहे असे होत नाही. त्यानंतर लागणारी फोल्डरे डिस्कवरून नव्या विंडोजमध्ये नकलून घ्यावीत, मग डिस्क ‘इजेक्ट’ करून काढावी आणि कपाटात ठेवावी. पुढची सगळी कामे या नकलेच्या नकलेवर होतील.

## टप्पा ४ : तारीख, वेळ आणि इंटरनेट

हा टप्पा लहान आहे, आणि म्हणूनच वगळला जातो. नव्याने टाकलेल्या विंडोजमध्ये वेळेचा विभाग अमेरिकेचा असण्याची शक्यता बरीच असते. तो भारताचा, म्हणजे जागतिक वेळेपेक्षा (यूटीसी) साडेपाच तास पुढचा, करावा. तारीख चुकीची असेल तर सुरक्षित संकेतस्थळे उघडत नाहीत, डिजिटल सही उमटत नाही आणि माणूस उगाच ब्राउझर काढून पुन्हा टाकत बसतो. संगणक रात्रभर बंद राहिला की तारीख मागे जात असेल, तर मदरबोर्डवरील सीआर २०३२ हा बटणसेल बदलावा.

‘रीजन’मध्ये ‘इंग्लिश, इंडिया’ निवडावे. अमेरिकी मांडणीत महिना आधी येतो. त्या मांडणीत ०५/०६ टंकले तर एक्सेल ते ६ मे समजते, आणि बचत गटाच्या हप्त्यांचा तक्ता दिसायला ठीक पण मुळात चुकलेला तयार होतो.

इंटरनेटसाठी वायफायचा ड्रायव्हर (ते यंत्र विंडोजला चालवता येईल असा छोटा प्रोग्राम) नसेल तर अँड्रॉइड फोन केबलने जोडून ‘यूएसबी टेदरिंग’ चालू करावे. ते बहुधा कोणत्याही ड्रायव्हरशिवाय चालते. जोडणी होताच तिला ‘मीटर्ड’ (मोजून वापरायची) करावे, नाहीतर विंडोज अपडेट फोनचा दिवसाचा सगळा डेटा तुमच्या आधी संपवील.

## टप्पा ५ : ड्रायव्हर आणि प्रोग्राम

‘प्रोग्राम फाइल्स’ हे जुने फोल्डर उचलून नव्या ठिकाणी टाकले की प्रोग्राम चालू होतील, अशी समजूत फार पसरलेली आहे. प्रोग्राम टाकताना तो विंडोजच्या नोंदवहीत, म्हणजे रजिस्ट्रीत, शेकडो नोंदी करतो आणि काही फायली विंडोजच्या फोल्डरात ठेवतो. नव्या विंडोजला त्या नोंदी माहीत नसतात. त्यामुळे डी ड्राइव्हवर टाकलेले प्रोग्रामही डोळ्यांना दिसतात, पण चालत नाहीत. मजकूर नकलता येतो, प्रोग्राम मात्र पुन्हा टाकावाच लागतो.

क्रम असा ठेवावा: आधी चिपसेट, ग्राफिक्स, आवाज आणि नेटवर्कचे ड्रायव्हर, तेही संगणकाच्या उत्पादकाच्या संकेतस्थळावरून, मग विंडोज अपडेट, मग प्रिंटर व इतर यंत्रे, शेवटी प्रोग्राम. पुष्कळ प्रिंटरांच्या बाबतीत प्रोग्राम सांगेपर्यंत केबल जोडायची नसते. आधीच जोडली तर विंडोज कोणता तरी ढोबळ ड्रायव्हर लावते, छपाई होते पण स्कॅन होत नाही.

विंडोजच्या परवान्यासाठी सहसा काही करावे लागत नाही. पूर्वी वैध परवाना असलेल्या यंत्रावर तीच आवृत्ती टाकली असेल, तर इंटरनेट जोडल्यावर परवाना स्वतःहून लागू होतो. होम असलेल्या यंत्रावर कोणी प्रो टाकले असेल तर तो लागू होत नाही. त्यावर उपाय म्हणून ‘अ‍ॅक्टिव्हेटर’ नावाचा प्रोग्राम पेनड्राइव्हवरून चालवणे म्हणजे आत्ताच परत मिळवलेला मजकूर चोराच्या हाती देणे होय.

आधार-आधारित कामे करणाऱ्या केंद्रांनी बोटांच्या ठशांच्या यंत्राचा ड्रायव्हर आणि आरडी सर्व्हिस (ते यंत्र आधारच्या कामासाठी चालवणारा प्रोग्राम) दोन्ही टाकावे. दिवा लागला म्हणजे यंत्र तयार आहे असे नव्हे. आरडी सर्व्हिस ‘रेडी’ दाखवते का ते पाहावे.

## टप्पा ६ : मराठी फॉन्ट

गेल्या उन्हाळ्यात एका शाळेचे गुरुजी मोटारसायकलवर, पोत्यात गुंडाळलेला सीपीयू मांडीवर धरून आले. दाखलखारीज नोंदीच्या फायली परत आल्या होत्या, पण उघडल्या की पानभर इंग्रजी अक्षरे, कंस आणि चिन्हांचा काला दिसत होता. ‘व्हायरसनं खाल्लं’ असा निर्णय देऊन त्यांनी ४० पाने पुन्हा टंकूनही काढली होती. फायलींना काहीही झालेले नव्हते. कृतिदेव फॉन्ट टाकला आणि त्याच पानावर नावे, जन्मतारखा आणि गावे जशीच्या तशी उमटली. गुरुजी त्या पडद्याकडे बराच वेळ पाहत राहिले, मग म्हणाले, ‘आता त्या चाळीस पानांचं काय करू?’

कृतिदेव, शिवाजी, श्रीलिपीचे फॉन्ट, डीव्हीटीटी सुरेख यांसारखे जुने फॉन्ट युनिकोड (प्रत्येक लिपीच्या अक्षराला एकच ठरलेला क्रमांक देणारी जागतिक पद्धत) नाहीत. त्यांत मराठी अक्षराच्या जागी खरे तर एखादे इंग्रजी अक्षर किंवा चिन्हच साठवलेले असते; फॉन्ट फक्त त्याला मराठी रूप देतो. फॉन्ट नसेल तर ते मूळ रूप उघडे पडते. अशी फाइल उघडल्यास काहीही न बदलता, ‘सेव्ह’ न करता बंद करावी. संपूर्ण मजकूर निवडून त्याला मंगल किंवा निर्मला लावल्याने तो मराठी होत नाही, उलट कोणत्या परिच्छेदाला कोणता फॉन्ट होता ही माहितीही पुसली जाते.

1. फाइलची नक्कल वर्डमध्ये उघडावी, अगम्य मजकुरावर क्लिक करावे आणि वर फॉन्टच्या चौकटीत आलेले नाव जसेच्या तसे लिहून घ्यावे. ‘कृतिदेव ०१०’ आणि ‘कृतिदेव ०५५’ हे वेगवेगळे फॉन्ट आहेत.
2. विंडोज.ओल्डमधील ‘विंडोज’ फोल्डरातील ‘फॉन्ट्स’मध्ये तो शोधावा. तेथे नसेल तर जुन्या अ‍ॅपडेटामधील ‘लोकल’, ‘मायक्रोसॉफ्ट’, ‘विंडोज’, ‘फॉन्ट्स’ या वाटेने जावे.
3. फॉन्टवर उजवी क्लिक करून ‘सर्व वापरकर्त्यांसाठी’ टाकण्याचा पर्याय निवडावा.
4. वर्ड पूर्ण बंद करून पुन्हा उघडावे.

जुने फॉन्ट नुसते टाकल्याने त्यांत टंकता येईलच असे नाही. श्रीलिपी किंवा आयएसएम यांचा कळफलक त्या-त्या प्रोग्रामासोबत येतो. श्रीलिपीच्या काही जुन्या प्रतींना संगणकाच्या मागे लावायचे कुलूपयंत्र लागते. ते कचऱ्यात गेले नाही ना, हे विंडोज टाकणाऱ्याला विचारावे. नव्या मजकुरासाठी मात्र विंडोजच्या भाषांमध्ये मराठी जोडावी. इनस्क्रिप्ट आणि उच्चारानुसारी असे दोन्ही कळफलक तिथेच मिळतात, आणि पुढच्या वेळी विंडोज बदलले तरी युनिकोड मजकूर वाचता येतो.

## टप्पा ७ : हिशेब, डिजिटल सही आणि ब्राउझर

टॅली. हिशेब आकड्यांची नावे असलेल्या फोल्डरांत असतो. टॅली जुन्याच आवृत्तीचे किंवा त्याहून नवे टाकावे, हिशेबाची फोल्डरे नकलून आणावीत आणि कंपनी निवडताना त्या जागेचा पत्ता द्यावा. नव्या टॅलीने ‘मायग्रेट’ करायला सांगितले तर त्याआधी आणखी एक नक्कल काढावी, कारण रूपांतर झालेला हिशेब जुन्या टॅलीत उघडत नाही. टॅलीव्हॉल्टचा (हिशेबाला लावलेल्या कुलपाचा) पासवर्ड विसरला असेल तर त्याला उपाय नाही.

डिजिटल सहीचा टोकन (पेनड्राइव्हसारखे यंत्र). सहीची किल्ली टोकनच्या आत असते, ती विंडोजबरोबर जात नाही. फक्त त्या टोकनच्या कंपनीचा ड्रायव्हर टाकावा. टोकन ओळखले जात नाही म्हणून ‘इनिशियलाइज’ दाबू नये. त्याने आतले प्रमाणपत्र पुसले जाते आणि नवे विकत घ्यावे लागते. चुकीचा पिन पुन्हा पुन्हा घातल्यास टोकन कुलूपबंद होतो. दोनदा चुकल्यावर थांबावे आणि पिन कोणी लिहून ठेवला आहे का ते शोधावे. ग्रामपंचायतीत तो बहुधा टेबलाच्या काचेखाली सापडतो, जे योग्य नाही, पण त्या दिवशी बरे वाटते.

ब्राउझर. क्रोममध्ये पूर्वी गूगल खात्याने प्रवेश करून सिंक (खुणा-पासवर्ड खात्यात जपणे) चालू ठेवले असेल, तर पुन्हा प्रवेश करताच खुणा आणि पासवर्ड परत येतात. सिंक नसेल तर जुन्या अ‍ॅपडेटामधील ‘बुकमार्क्स’ ही फाइल नव्या जागी ठेवून पत्त्यांच्या खुणा मिळतात. पासवर्ड मिळत नाहीत, कारण ते जुन्या विंडोज खात्याशी बांधलेले असतात. फायरफॉक्सचे तसे नाही. त्याचे संपूर्ण प्रोफाइल फोल्डर नकलले की पासवर्डही सोबत येतात. प्राइमरी पासवर्ड (पूर्वीचा मास्टर पासवर्ड) ठेवला असेल तर तेवढा आठवावा लागतो.

## टप्पा ८ : रोजचे काम करून पाहावे, मगच जुने काढावे

सगळे दिसते आहे यावर विसंबून विंडोज.ओल्ड पुसू नये. दोन दिवस नेहमीचे काम करावे: एक दाखला छापावा, एक पावती स्कॅन करावी, टॅलीत मागील मार्चअखेरची शिल्लक छापील ताळेबंदाशी ताडावी, डिजिटल सहीने एक कागद सही करून पाहावा, वहीतील यादीवर एकेक करून खूण करावी. ज्यावर खूण झाली नाही ते अजून परत आलेले नाही.

यादी पूर्ण झाल्यावर विंडोज.ओल्ड हाताने ‘डिलीट’ करू नये, ते अर्धवट राहते. ‘सेटिंग्ज’मधील ‘सिस्टिम’, ‘स्टोरेज’, ‘टेम्पररी फाइल्स’ येथे ‘मागील विंडोज’समोर खूण करून काढावे. त्याच यादीत ‘डाउनलोड्स’ हाही एक चौकोन असतो. त्यावर खूण नाही ना, हे पाहूनच बटण दाबावे.